गीक-विडंबन पडतंय? तपासणीचा क्रम

पुण्यातल्या आमच्या फॅनमंडळींचा एक घरगुती दिवाळी अंक निघतो आणि वर्षातून एकदा सगळे भेटतात तेव्हा स्किटं होतात. या दोन्हींसाठी येणारे विडंबनाचे मसुदे गेली नऊ वर्षं मी तपासतो. विषय ठरलेले असतात: सुपरहिरोंचे सिनेमे, अ‍ॅनिमे, गेम, सायफाय मालिका, आयटीतली नोकरी आणि या सगळ्यावर जीव टाकणारी आपण गीक माणसं. मसुदे वेगवेगळे, बिघाड मात्र फिरून फिरून तोच. लिहिणाऱ्याला लिहिताना हसू आवरत नाही आणि वाचणारा ढिम्म बसतो. दरवर्षी नव्या माणसाला तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

लक्षणं

आधी बिघाड कुठला ते ओळखा.

लोक मजकूर खरा समजतात आणि "हे कधीपासून लागू?" असं विचारतात, तर पहिली तपासणी. हशा येतो पण एक क्षण उशिरा येतो, तर दुसरी. मागच्या वर्षी दणकून चाललेलं यंदा पडलं, तर तिसरी. ज्यांनी सगळे भाग पाहिलेत तेवढेच हसले आणि बाकीच्यांनी मोबाइल काढले, तर चौथी.

याच्या नेमकं उलट लक्षणही असतं. बाहेरचे हसतात आणि खरे फॅन गप्प राहतात. हे मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं, कारण लिहिणाऱ्याला ते कळतच नाही. हशा तर कानावर येत असतो. असं झालं तर पाचवी आणि सहावी तपासणी कराच, पण आधीच्या चार सोडू नका. त्यांना वेळ लागत नाही आणि निम्मे मसुदे तिथेच सुधारतात.

१. कापून बघा (दोन मिनिटं)

मजकुराचा स्क्रीनशॉट घ्या. वरचं नाव, खालची सही, पानाचा लोगो सगळं कापून टाका. आता तो तुकडा कुणा अनोळखी माणसाकडून व्हॉट्सॲपवर आला असं समजून वाचा. विडंबन जगात असंच फिरतं, नावगाव गळून पडल्यावर.

२०१९ च्या एप्रिलमध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' यायचा होता. शेवट फोडू नका, असं जाहीर पत्रच दिग्दर्शक रूसो बंधूंनी लिहिलं होतं आणि सगळीकडे स्पॉयलरची धास्ती होती. आमच्यातल्या एकाने शासन निर्णयाच्या थाटात लिहिलं: 'स्पॉयलर देणाऱ्यांवर करावयाच्या कारवाईबाबत'. 'वाचा', 'प्रस्तावना', क्रमांक घातलेली कलमं, शेवटी 'आदेशानुसार व नावाने', सगळं जागच्या जागी. चार दिवसांनी साताऱ्याहून मावशीचा फोन. "अरे, सिनेमाची गोष्ट सांगितली तर आता दंड भरायचा का? भिशीच्या ग्रुपवर आलंय." तिची काहीच चूक नव्हती. तिच्यापर्यंत पोचेस्तोवर आमचं नाव कुणीतरी कापलेलं होतं, आणि पहिल्या पाच ओळींत विनोदाची एकही खूण नव्हती.

हे मोठमोठ्यांचं होतं. 'द ओनियन' हे अमेरिकेतलं विडंबनपत्र १९८८ पासून चालू आहे. २०१२ साली त्यांनी उत्तर कोरियाच्या किम जोंग उनना सर्वांत मादक पुरुष ठरवलं, आणि चीनच्या 'पीपल्स डेली'च्या ऑनलाइन आवृत्तीने ती बातमी खरी मानून ५५ फोटोंसह छापली. इंटरनेटवर याला 'पोचा नियम' म्हणतात. नेथन पो नावाच्या माणसाने २००५ साली एका वादात लिहिलेल्या वाक्यावरून तो पडला. स्पष्ट खूण नसेल तर कट्टर मत आणि कट्टर मताची नक्कल यांतला फरक कुणालातरी कळणार नाहीच, असा त्याचा आशय.

मग वर मोठ्या अक्षरात 'हे विनोदी लेखन आहे' असं लिहावं का? ओनियनने २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या निवेदनात याला ठाम विरोध केला होता. वाचणारा क्षणभर फसला पाहिजे, मग सावध झाला पाहिजे, त्यातच विडंबनाचा जीव असतो असं त्यांचं म्हणणं. ते मला पटतं, पण आपल्याकडे मजकूर फॉरवर्डवर जगतो हेही विसरून चालणार नाही. म्हणून आम्ही मधला उपाय करतो: पहिल्या तीन ओळींत एक तरी धडधडीत अशक्य तपशील घालायचा. त्या शासन निर्णयात नंतर संदर्भ क्रमांकाच्या जागी 'समांतर विश्व क्र. ६१६ कडून आलेले पत्र' असं घातलं. ६१६ हा मार्व्हलच्या मूळ कॉमिक विश्वाचा आकडा. जाणकाराला तो ओळखीचा वाटतो, आणि न जाणणाऱ्यालाही मंत्रालयाला समांतर विश्वातून पत्रं येत नाहीत हे माहीत असतं. त्यानंतर कुणाचा फोन आला नाही.

याच तपासणीत आणखी एक बघा. सरकारी कागदाची नक्कल असेल तर राजमुद्रा वापरू नका, अगदी छोटीशी, पुसट केलेलीसुद्धा. तिच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. कागदाची भाषा पुरेशी ओळखीची असते, चिन्हाची गरज पडत नाही.

२. मोठ्याने वाचा (दहा मिनिटं)

मनात वाचताना आपण आपल्याच विनोदाला मदत करत असतो. तोंडाने वाचलं की ती मदत थांबते.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि सरकारी किंवा बातमीच्या भाषेत तर क्रियापदांची रांगच लागते. विनोदाचा शब्द आधी येऊन जातो, मागून 'करण्यात येईल असे कळविण्यात येत आहे' येतं आणि हशा त्याखाली चेंगरतो. त्याच मसुद्यातली एक ओळ अशी होती: 'दोषी व्यक्तीस सदर चित्रपट आत्यासोबत पुन्हा एकदा तिकीट काढून पाहण्याची शिक्षा देण्यात यावी असे निर्देश देण्यात येत आहेत.' यातला विनोद आत्यात आहे. कोण मेला, तो कोण, हा आता कुठून आला, असं ती तीन तास विचारणार. पण आत्या वाक्याच्या पहिल्या निम्म्यात येऊन गेली. आम्ही केलं: 'शिक्षा : सदर चित्रपट पुन्हा पाहणे. तिकीट स्वखर्चाने. सोबत आत्या.' शब्द निम्मे झाले, सरकारी वळण तसंच राहिलं आणि स्किटमध्ये 'आत्या'वर हमखास हशा पडला.

प्रत्येक पंचच्या, म्हणजे हशा आणणाऱ्या शब्दाच्या, पुढे किती शब्द उरलेत ते मोजा. दोनपेक्षा जास्त असतील तर वाक्य फिरवा.

३. तारीख बघा (पाच मिनिटं)

मीमवर बेतलेलं काही असेल तर ते मीम कधीचं आहे? दिवाळी अंकाचा मजकूर पावसाळ्यात लिहिला जातो आणि वाचला जातो थंडीच्या तोंडावर. तेवढ्यात मीम म्हातारं होतं. लिहिताना सगळ्यांच्या तोंडी असलेली ओळ छापून येईपर्यंत शिळी झाली असेल तर ती काढा. सवयीवरचा विनोद टिकतो. श्रेयनामावली संपेपर्यंत उठू न देणारा मित्र कालही होता, उद्याही असेल.

४. दोन वाचक (एक संध्याकाळ, दोन चहा)

एक पक्का फॅन आणि एक ज्याने त्यातलं काहीही पाहिलेलं नाही, अशा दोघांना वाचायला द्या. वाचताना समोर बसा पण काही बोलू नका. 'अरे, ते मागच्या भागात असं झालं होतं ना' असं एकदा जरी तोंडून निघालं तरी तपासणी बाद झाली, कारण अंकासोबत तुम्ही घरोघर जाणार नाही.

न पाहिलेल्याने सगळं समजावं अशी अपेक्षा नसते. त्याला गोष्टीचा कणा कळला पाहिजे, एवढंच. आपल्याकडे याचा उत्तम नमुना अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'चा आहे. ज्यांची विडंबनं त्यात आहेत त्यातल्या कित्येक कविता आजच्या वाचकाने कधीच वाचलेल्या नसतात, तरी तो हसतो. कारण भावनेचा नसता फुगारा ही चीज त्याच्या ओळखीची असते. मूळ कविता ठाऊक असलेल्याला त्यात आणखी एक थर सापडतो. रँडल मन्रो यांचं 'एक्सकेसीडी' हे २००५ पासून चाललेलं वेबकॉमिक हाच थर वेगळ्या जागी ठेवतं. काड्यांची माणसं काढलेलं चित्र सगळ्यांसाठी, आणि त्यावर माउस नेला की उमटणारी जास्तीची ओळ ज्याला खोलात जायचंय त्याच्यासाठी.

म्हणून दुरुस्ती अशी: आतल्या गोटातले संदर्भ मोजा आणि त्यातल्या कशावर अख्खं वाक्य उभं आहे ते बघा. शोभेचे संदर्भ राहू द्या. भार उचलणारे संदर्भ काढा, किंवा ते समजायला लागणारी माहिती दोन ओळी आधी सहज पेरा.

५. मूळ गोष्ट खरंच माहीत आहे का? (आठवडा)

इथून पुढे मेहनत आहे.

फॅन गप्प का राहतात याचं पहिलं कारण चूक. जेडाय 'स्टार वॉर्स'मधले आणि व्हल्कन 'स्टार ट्रेक'मधले, यात गफलत झाली की तुमच्या पुढच्या टीकेचं वजन जातं. 'याने पाहिलेलंच नाही' असं एकदा ठरलं की संपलं. टिंगल करायची त्याने भक्तापेक्षा जास्त पाठांतर केलेलं असावं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

'सिलिकॉन व्हॅली' ही मालिका २०१४ ते २०१९ चालली. तिच्यात डेटा लहान करण्याचं, म्हणजे कॉम्प्रेशनचं तंत्र शोधणारी पोरं आहेत. ते तंत्र किती चांगलं हे एका आकड्यात दाखवायला हवं होतं, म्हणून निर्माते स्टॅनफर्डचे प्राध्यापक वाइसमन यांच्याकडे गेले. वाइसमन आणि त्यांचे विद्यार्थी विनीत मिस्रा यांनी मालिकेसाठी एक माप बेतून दिलं. किती लहान झालं आणि किती वेळात झालं, दोन्हींचा हिशेब त्यात आहे. पडद्यावर ते काही सेकंद दिसतं. पण त्या खरेपणामुळेच, गुंतवणूकदारांची आणि 'आम्ही जग बदलतोय' म्हणणाऱ्या संस्थापकांची टर उडते तेव्हा ती आतल्या माणसाने उडवल्यासारखी लागते. बंगळुरूत किंवा हिंजवडीत काम केलेल्या कुणालाही विचारा.

'द बिग बँग थिअरी'चं (२००७ ते २०१९) उदाहरण मी याच्या शेजारी ठेवतो. तिच्या फळ्यांवरची समीकरणं डेव्हिड सॉल्ट्झबर्ग हे भौतिकशास्त्रज्ञ तपासायचे, म्हणजे अभ्यासात कमी नव्हती. तरी माझ्या ओळखीचे अनेक गीक तिच्यावर रुसलेले आहेत. कारण बऱ्याचदा एखाद्या कॉमिकचं नाव घेतलं की तेवढ्यावरच हशा येतो. नाव घेणं हा विनोद झाला की हसू त्या नावावर प्रेम करणाऱ्यावर पडतं. म्हणून मसुद्यात नुसत्या नावावर हशा मागणाऱ्या जागा अधोरेखित करा. 'तो चाळिसाव्या वर्षी पोकेमॉन पकडतो' यात विनोद नाही. पहाटे साडेपाचला कुत्रा फिरवायच्या निमित्ताने बाहेर पडतो आणि कुत्रा घरीच विसरतो, इथे सुरुवात होते.

६. नेम कुणावर आहे? (कधीकधी सगळं पुन्हा लिहावं लागतं)

मला खरं सांगायचंय ते इथे. बाकी सगळं दुरुस्त असून मसुदा पडत असेल तर नेम चुकलाय, हे मी आता न वाचता सांगू शकतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली 'कॅम्पबेल विरुद्ध एकफ-रोज' खटल्यात एक उपयोगी फरक केला. मूळ कलाकृतीवरच भाष्य करणारं ते विडंबन. दुसऱ्याच कशावर टीका करायला ती कलाकृती उसनी घेतली तर तो उपहास, आणि मग तीच का घेतली याचं समर्थन द्यावं लागतं. तो निकाल आपल्याला लागू नाही, पण प्रश्न म्हणून प्रत्येक मसुद्याला विचारण्यासारखा आहे. तुम्ही सुपरहिरोवर बोलताय, की सुपरहिरोच्या आडून राजकारणावर? दोन्ही चालतं. दोन्ही एकाच स्किटमध्ये सहसा चालत नाही.

'मॅड' मासिकाच्या चौथ्या अंकात, १९५३ साली, 'सुपरड्यूपरमॅन' आला. हार्वी कर्ट्झमन यांनी लिहिलेला, वॉली वुड यांनी काढलेला. त्यात तो कॅप्टन मार्बल्सशी भिडतो. सुपरमॅनचे प्रकाशक तेव्हा कॅप्टन मार्व्हलच्या प्रकाशकांशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होते, हे माहीत असेल तर ती मारामारी कुणाची ते कळतं. नेम प्रकाशकांच्या धंद्यावर होता. कॉमिक वाचणाऱ्या पोराला त्यात कुठेही हिणवलेलं नाही, आणि आठ-दहा पानांची ती गोष्ट आजही लोक काढून वाचतात.

१९८६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन टीव्हीवर विल्यम शॅटनर, म्हणजे 'स्टार ट्रेक'मधले खुद्द कॅप्टन कर्क, एका स्किटमध्ये संमेलनाला जमलेल्या ट्रेकी मंडळींवर, म्हणजे त्या मालिकेच्या फॅनवर, ओरडतात: जगायला शिका जरा! स्किट गाजलं, पण कित्येक फॅनना ते लागलं. १९९९ मध्ये 'गॅलक्सी क्वेस्ट' हा सिनेमा आला, जुन्या अंतराळ-मालिकेतल्या नटांवरचा. संमेलनं तीच, प्लास्टिकच्या बंदुका त्याच, थकलेले नटही तसेच. फरक एवढाच की यानाचा नकाशा पाठ असलेली पोरंच शेवटी सगळ्यांना वाचवतात. तो सिनेमा ट्रेकी मंडळींनी डोक्यावर घेतला. चिमटा दोन्हीकडे आहे, पण दुसऱ्यात चिमटा काढणाऱ्याला समोरच्याच्या पाठांतराचं मोल कळलेलं आहे.

आमच्याकडचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी एक स्किट आलं, कॉस्प्लेवर, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करण्यावर. घरच्या सोफ्यातला स्पंज काढून चिलखत करणारी मुलगी, वैतागलेली आई, असं काहीसं. तालमीला हशा बरा होता. आमच्यात एक मुलगी खरंच चिलखतं बनवते. ती कोपऱ्यात बसून बघत होती, तिच्या बोटांवर हीट गनने भाजल्याचे दोन डाग होते. तालीम संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "दादा, स्पंज नसतो तो. ईव्हीए फोम असतो. एका खांद्याला मला अकरा रात्री लागल्या." रागावली नव्हती. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

आम्ही तिलाच घेऊन बसलो. फोम कापताना कटर तिरका का धरायचा, सांधा चिकटवताना दोन्ही बाजूंना फेविबॉन्ड लावून ते सुकेपर्यंत का थांबायचं, रंग देण्याआधी फोमची छिद्रं कशी बुजवायची, हे ती सांगत गेली आणि स्किट आपोआप फिरलं. नवं स्किट असं झालं: अकरा रात्री खपून केलेलं चिलखत घालून ती एका इव्हेंटला जाते, आणि आयोजक तिच्यासोबत फोटो काढायचे पैसे लोकांकडून घेतात, तिच्याकडूनही तिकिटाचे घेतात, वर 'तुम्हाला एक्स्पोजर मिळतंय ना' म्हणतात. आई तीच ठेवली. पण आता आई आयोजकाला मजुरीचा हिशेब विचारते, रात्रीच्या पाळीचा दर लावून. त्या वर्षी सगळ्यात मोठा हशा तिथे आला आणि पहिली टाळी कॉस्प्लेवाल्यांची होती.

तेव्हापासून एक पद्धत पडली आहे. मसुद्यातल्या प्रत्येक पंचपुढे समासात लिहायचं: यात कोण लहान होतंय? कंपनी, स्टुडिओ, गर्विष्ठ समीक्षक, मुलींना खोट्या फॅन समजून त्यांची परीक्षा घेणारा दादा, यातलं कुणी असेल तर ठेवा. जीव लावणारं माणूस असेल तर थांबा आणि त्या माणसाशी आधी बोला. पाचातले तीन पंच दुसऱ्या प्रकारचे निघाले तर डागडुजी करत बसू नका, नव्याने लिहा.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

वरच्या सहाही तपासण्या करून तीनदा दुरुस्त केलं आणि तरी पडतंय, तर तो मसुदा बाजूला ठेवा. यंदाच्या अंकात तो नको.

पुढच्या गोष्टींत मात्र घरगुती दुरुस्ती करूच नका, वकील गाठा.

मजकुरात खरं, जिवंत माणूस नावानिशी असेल आणि त्याने न केलेलं काही केलं असं सांगितलं असेल, तर छापण्याआधी दाखवा. अब्रुनुकसानी हा आपल्याकडे फौजदारी गुन्हाही आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेची असू शकते. 'गंमत होती' हे पुरेसं उत्तर आहे असं गृहीत धरू नका.

मूळ गाण्याची चाल, सिनेमाची दृश्यं किंवा कॉमिकची चित्रं जशीच्या तशी घेतली असतील तरी विचारा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षा आणि टीकेसाठी रास्त वापराची मुभा आहे, पण विडंबन असा शब्द तिथे नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाच्या बाजूने कौल दिला होता. तो आधाराला येतो, पण तुमच्या मजकुराला किती लागू पडेल हे वकीलच सांगू शकेल.

नोटीस आलीच तर उत्तर लिहायला बसू नका आणि घाईने मजकूर पुसूनही टाकू नका. आधी सगळ्याची तारखेसह प्रत काढा: छापलेलं पान, मूळ मसुदा, आधीची रूपं, कुणाला कधी पाठवलं ते. ती फाइल घेऊनच वकिलाकडे जा. धमक्या यायला लागल्या, कुणाचा पत्ता किंवा फोन नंबर फिरवला गेला, तर स्क्रीनशॉट घेऊन त्याच दिवशी सायबर पोलिसांत तक्रार करा. उत्तरादाखल दुसरं विडंबन लिहायचा मोह होईल. तक्रार नोंदवून होईपर्यंत लिहू नका.